मारला गेला? कोणी मारला?

बुलडाण्याकडचा पोरगा पुण्यात 'टेन्शन येऊन राह्यलं' म्हणाला की पेठेतले दात काढतात. म्हणे भाषा बाटली! अरे, 'टेन्शन' आमच्या 'राह्यलं'च्या दावणीला बांधलंय, बिघडलं काय? तुमच्या शुद्ध मराठीत विरामचिन्हं एकोणिसाव्या शतकात मेजर कॅन्डीनं रुजवली, तेव्हा नाही बाटली ती?

इंग्रजी शिकाच. बाबासाहेबांनी १९३६ साली जातीचा उच्छेद इंग्रजीतच मांडला. पण तिचा खरा डंख ओळखा. शाळेतलं व्याकरणच सांगतं, 'रावण रामाकडून मारला गेला' ही नवीन कर्मणी इंग्रजीच्या वळणाची. पेपरवाल्यांनी त्यातला 'कडून'ही कापला. छापतात : 'दलित तरुण मारला गेला.' कोणी मारला? गप्प! मेहकरकडची माय असं बोलायची नाही. तिचं वाक्य मारणाऱ्याची गचांडी धरूनच उठतं : 'पाटलाच्या पोरानं मारलं माह्या लेकाले.'