पिल्लू येता घरा...

ऑफिसच्या ग्रुपवर कुणी पिल्लाचा फोटो टाकला की काय होतं, माहितीये ना? मिनिटाभरात बदामांचा पाऊस, ‘ऑऽऽ, सो क्यूट!’ची सरबत्ती, आणि मग एखादीचा हमखास मेसेज, ‘मलाही हवंय यार!’ या ‘हवंय’ आणि ‘आलंय’च्या मध्ये जे काही घडतं, ते मात्र फोटोत येत नाही. त्यातून घरात आधीच दोन पायांची पिल्लं असतील तर विचारूच नका.

माझ्या ताईकडे अशी दोन आहेत. भाचा ८ वर्षांचा, भाची ४ची. कोथरूडमध्ये तिसऱ्या मजल्यावर टू बीएचके. ताई आणि जिजू दोघंही आयटीत, आठवड्यातून तीन दिवस ऑफिस. आणि पाच मिनिटांच्या अंतरावर एक मावशी, जी फ्रीलान्सर आहे. म्हणजे घरच्यांच्या भाषेत ‘ती काय, घरीच तर असते!’ (फ्रीलान्सर मंडळी, हे वाक्य फ्रेम करून भिंतीवर लावा.) तर पिल्लू ताईचं असलं, तरी त्याच्या संगोपनाची इंटर्नशिप मी केलीय. अर्थातच बिनपगारी.

भाच्याला खरं तर पग हवा होता. यात सगळा दोष जिजूंचा. २००३मध्ये हचच्या जाहिरातीत तो पग एका पोराच्या मागेमागे फिरायला लागला, आणि महाराष्ट्रातल्या कित्येक घरांत ‘आई, पग!’ हा जप सुरू झाला. जिजूंच्या घरीही. त्यांना तेव्हा मिळाला नाही, म्हणून आता लेकाला. चपट्या नाकामुळे पगला श्वास घ्यायला त्रास होतो, उन्हाळा सोसत नाही, हे जाहिरातीत कोण सांगणार? पण योग वेगळाच होता. जुलैच्या पावसात सोसायटीच्या पार्किंगमध्ये राहणारी कुत्री रस्त्यावर गाडीखाली गेली. मागे चार पिल्लं. तिघांना घरं मिळाली, चौथं वॉचमनकाकांच्या केबिनमध्ये खोक्यात बसून राहिलं. भाचा शाळेतून येताना ते खोकंच घेऊन वर आला. ताई ‘एक रात्र फक्त’ म्हणाली. आयांच्या ‘एक रात्र फक्त’ला फारसा अर्थ नसतो, हे तुम्हालाही ठाऊक असेल.

नाव ठेवलं भोपळा. कारण पोट! काडीसारखे पाय आणि वर हा टम्म गोल नगारा. आम्हाला वाटलं, बाळसं धरलंय. व्हेटनं पोटावर हात फिरवला आणि एका शब्दात आमचा भ्रम उतरवला : ‘जंत.’ दात बघून वय काढलं साधारण ८ आठवडे. जंताचं औषध लगेच, मग दर दोन आठवड्यांनी तीन महिन्यांचा होईपर्यंत. हे फक्त पिल्लासाठी नाही बरं का. कुत्र्याच्या जंतांची अंडी शीमधून मातीत, मातीतून पोरांच्या हातावर आणि तिथून थेट तोंडात जाऊ शकतात. चार वर्षांच्या मुलीचे हात दिवसभरात कुठेकुठे जातात याचा हिशेब ठेवणं अशक्य. म्हणून पिल्लाला हात लावला की साबण, हा घरातला पहिला कायदा झाला. ताईनं तो नेलपेंटनं बेसिनवर लिहिलाय.

लसींचं वेळापत्रक जिजूंनी एक्सेलमध्ये टाकलं (आयटी!). डिस्टेंपर, पार्व्हो वगैरेंची लस तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं, १६ आठवड्यांचा होईपर्यंत. रेबीजची तीन महिन्यांनंतर. पार्व्होचा विषाणू जमिनीवर महिनोन् महिने टिकतो, त्यामुळे कोर्स पूर्ण होईस्तोवर भोपळ्याला रस्त्यावर उतरवायचं नाही. पण गंमत अशी, की जगाची ओळख करून घ्यायचं पिल्लाचं वयही नेमकं हेच, साधारण १४ आठवड्यांपर्यंतचं. या काळात ज्यांनी रिक्षा, छत्री, कुकरची शिट्टी अनुभवली नाही, ती कुत्री पुढे त्यालाच घाबरतात. मग उपाय काय? ओढणीची झोळी! रोज संध्याकाळी मी भोपळ्याला गळ्यात बांधून कर्वे रोडवर चक्कर मारायचे. लोक बाळ बघायला वाकायचे आणि दचकायचे. मला मजा यायची.

रात्रींबद्दल थोडक्यात सांगते. पहिला आठवडा तो रडला, जिजू त्याच्याशेजारी गादी टाकून झोपले, दर तीन तासांनी उठून त्याला बाल्कनीत शूला नेलं, आणि सकाळी स्टँडअप कॉलला कॅमेरा बंद ठेवला. झोपून उठला की शू, खाल्लं की शू, खेळला की शू. बाकी फरशी पुसायची. शू केली म्हणून त्यात नाक घासायचं, हा जुना प्रकार निव्वळ दुष्टपणा आहे. त्यातून ते शिकतं एवढंच, की माणसांसमोर करायची नाही, सोफ्यामागे जाऊन करायची.

खरा पेच दातांचा. दुधाचे दात सुईसारखे असतात आणि पिल्लाचं सगळं जग तोंडातून कळतं. भावंडं असती तर चावल्यावर त्यांनी ‘क्यँव’ करून खेळ थांबवला असता, आणि किती जोरात चावायचं हे आपोआप शिकला असता. इथे भावंडांच्या जागी कोण? भाची. ती घाबरली की किंचाळते आणि पळते. पिल्लाच्या हिशेबी किंचाळून पळणारी गोष्ट म्हणजे जगातलं सर्वांत भारी खेळणं! पाचव्या दिवशी फ्रॉकची झालर धरता धरता तिच्या मनगटावर दात लागला. रक्त नाही, लाल ओरखडा. तेवढाच.

शेजारच्या काकू हळद घेऊन धावल्या. ताईनं हळद बाजूला ठेवली, लेकीचं मनगट नळाखाली धरलं आणि घड्याळ लावून १५ मिनिटं साबणानं धूत राहिली. पोरगी रडतेय, भाचा अपराध्यासारखा कोपऱ्यात, भोपळा शेपूट हलवतोय. मग बालरोगतज्ज्ञ. ‘एवढंसं पिल्लू, त्याला कुठे रेबीज?’ असं आईनं फोनवर म्हटलं, तेच डॉक्टरांना विचारलं. त्यांनी मान हलवली. आई भटकी होती, तिला लस दिली होती का कुणाला माहीत नाही, पिल्लालाही अजून नाही. कातडी खरचटलीय, तर इंजेक्शनं घ्यायचीच. रक्त आलं असतं तर जखमेत वेगळी अँटिबॉडीही टोचावी लागली असती. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की हातात जवळपास काही उरत नाही. म्हणून इथे ‘बघू, वाट पाहू’ नसतंच. पहिला डोस त्याच दिवशी, मग तिसऱ्या आणि सातव्या दिवशी, पुढच्या तारखा फ्रिजवर. शिवाय दहा दिवस पिल्लावर नजर ठेवायची.

त्या रात्री ताई म्हणाली, ‘मी हे नाही करू शकत.’ आईचं पुण्याबाहेरून रिमोट कंट्रोल सुरूच होतं, ‘परत सोडून या त्याला.’ पण परत कुठे? पार्किंगमध्ये? आई नाही, भावंडं नाहीत. भाची सोफ्यावरून खाली उतरायला तयार नव्हती. मला विचाराल, तर ताईला घाबरट म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. दोन मुलं आणि एक नोकरी सांभाळणाऱ्या बाईला ‘कुत्रा म्हणजे प्रेम’ वगैरे ऐकवणं फार सोपं असतं. शेवटी जिजूंनी डील केलं. दहा दिवस पूर्ण होईपर्यंत थांबायचं, तोवर दोघांना एकत्र सोडायचंच नाही, मग तू म्हणशील ते.

दुसऱ्या दिवशी हॉल आणि बेडरूमच्या मध्ये लहान बाळांसाठीचं फाटक लागलं. एका बाजूला भाची, दुसऱ्या बाजूला भोपळा. व्हेटनं शिकवलेला खेळ होता ‘झाड हो’. पिल्लू अंगावर आलं की हात घडी, नजर पायाकडे, आणि गप्प उभं राहायचं. झाड पळत नाही, झाड ओरडत नाही. झाडाचा पिल्लाला दोन मिनिटांत कंटाळा येतो. भाचीला हे फारच आवडलं. आधी फाटकाच्या सुरक्षित बाजूनं ती झाड झाली. मग आंब्याचं झाड झाली. मग फाटकावरून एकेक दाणा टाकायला लागली, पण तो खाली बसला तरच. आठव्या दिवशी तिच्या ‘बस’वर भोपळा बसला, आणि ती माझ्याकडे वळून म्हणाली, ‘मावशी, माझं ऐकतो तो!’ चार वर्षांच्या माणसाचं घरात ऐकतं तरी कोण?

आणखी एक गोष्ट तेव्हाच कळली. पिल्लू दिवसाचे १८-२० तास झोपतं. झोपू दिलं नाही, तर ते दमलेल्या पोरासारखंच चिडचिडं होतं आणि जास्त चावतं. त्याच्या गादीभोवती भाच्यानं खडूनं रेघ मारली, आत झोपलेल्याला कुणी उठवायचं नाही. खाण्याचं म्हणाल, तर मुलांच्या हातून त्याच्या तोंडात काय जातं यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष हवं. चॉकलेट, कांदा, द्राक्षं, आणि शिऱ्यातले बेदाणेसुद्धा कुत्र्यांना विषारी. काही शुगरफ्री च्युइंगममध्ये झायलिटॉल असतं, तेही. आणि ‘दूध-पोळीवर वाढतील की’ हा आईचा सल्ला व्हेटनं हसून नाकारला.

दहा दिवस झाले. भोपळा ठणठणीत. ताई काहीच बोलली नाही, आम्हीही विषय काढला नाही. सोसायटीच्या सेक्रेटरींनी काढला, पण पशुकल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांचा प्रिंटआउट जिजूंनी हातात ठेवला. सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, म्हटल्यावर चहा घेऊन ते गेले.

आता तो पाच महिन्यांचा आहे, दुधाचे दात पडताहेत. परवा भाचीला गालिच्यावर एक सापडला, तांदळाएवढा. भाच्याच्या कंपासपेटीत त्याच्या स्वतःच्या पडलेल्या दाताशेजारी तो ठेवलाय. फाटक अजून आहे आणि मोठं माणूस खोलीत नसेल तर बंदच असतं. गेल्या रविवारी ताई महापालिकेच्या परवान्याचा फॉर्म भरत होती. मालकाच्या नावापाशी पेन थबकलं. जिजूंनी वाकून बघितलं, भाचा म्हणाला, ‘माझं लिही.’ ताईनं स्वतःचं नाव लिहिलं आणि म्हणाली, ‘उद्या सकाळी फिरवायला कोण नेतंय?’ सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.