धाप लागते म्हणून पडून राहायचं?

दर रविवारी सांगलीला फोन लावला की आक्काचा एकच सल्ला असतो, "बापू, उगं दगदग करू नगंस, पडून ऱ्हा." आम्हा दोघांनाही सीओपीडी आहे. मला तो तीस वर्षांच्या सिगारेटींनी दिला. आक्काने आयुष्यात विडीला हात लावला नाही. तिला चुलीच्या धुराने गाठलं.

मीही पडूनच राहत होतो. मग इथे लेस्टरमध्ये डॉक्टरांनी मला फुप्फुसाच्या रुग्णांच्या व्यायामवर्गाला पाठवलं. आठवड्यातून दोनदा, आठ आठवडे. पहिल्या दिवशी दहा मीटरच्या खेपा घालायला लावल्या. बीप वाजेल तसा चालण्याचा वेग वाढवायचा. (ही चाचणी लेस्टरमध्येच तयार झाली आणि १९९२ साली प्रसिद्ध झाली.) १४० मीटरमध्ये मी गारद! शेवटच्या आठवड्यात २३० मीटर चाललो.

गंमत म्हणजे नळीत फुंकून मोजलेली माझी फुप्फुसं होती तिथेच आहेत. सुधारले ते पाय. फिजिओथेरपिस्ट बाईंनी समजावलं : बसून बसून मांड्यांचे स्नायू झिजतात, झिजलेल्या स्नायूंत थोड्या कामानेही लॅक्टिक आम्ल साठतं, मग श्वास जास्त लागतो. धाप लागते म्हणून आपण आणखी बसतो. धाप लागली म्हणजे फुप्फुसाला इजा झाली असं नाही, हे मला ६७व्या वर्षी कळलं.

आक्काला हे कोणी सांगितलंच नाही. दुबईच्या भाच्याने तिला ऑक्सिजनचं यंत्र घेऊन दिलं, कामाला बाई ठेवली, खोलीला लागून संडास बांधला. त्याच्या मायेबद्दल शंका नाही. पण यंत्र लागतं की नाही हे रक्तातला ऑक्सिजन मोजून ठरतं, धाप बघून नव्हे. पैशाने होते तेवढी सेवा आपण परदेशातून करतो आणि "आई, तू उठू नकोस" म्हणून तिचे पाय काढून घेतो. तिच्या डॉक्टरांना "कोणता व्यायाम चालेल?" एवढं तरी विचारावं की नाही?

मी विचारायला लावलं. आता रविवारी व्हिडिओ कॉलवर आम्ही दोघं खुर्चीवरून उठतो, बसतो. मागच्या वेळी आक्का सात वेळा उठली. मग फुंकणी फुंकताना करतात तसे ओठ करून तिने हळूहळू श्वास सोडला आणि म्हणाली, "आनी दोनदा करू का?"

भाच्याला अजून सांगितलेलं नाही. हे वाचलं की कळेलच.