झिप फाइल म्हणजे केसपेपर नव्हे

रुग्णालयातून घरी निघालेल्या रुग्णाच्या हातात डिस्चार्ज कार्ड पडते. निदान, केलेले उपचार, घरी घ्यायच्या गोळ्या, पुन्हा दाखवायला कधी यायचे, बस. कोणते औषध सुरू करून तिसऱ्या दिवशी का थांबवले, हे केसपेपरात राहते आणि केसपेपर रेकॉर्ड रूममध्ये. रुग्ण पुन्हा अत्यवस्थ होऊन आला, की कार्डावर भागत नाही.

वैद्यकीय संशोधनातील संगणकीय कोडचेही असेच असते. असा कोड बहुतेक वेळा ‘गिट’ या प्रणालीत जपला जातो. लिनस टोरवाल्ड्स यांनी ती २००५ मध्ये तयार केली. कोणी, कधी, कोणती ओळ बदलली, याची नोंद तिच्यात राहते आणि प्रत्येक नोंदीला स्वतःचा क्रमांक, म्हणजे कमिट आयडी, मिळतो. या भांडारातून झिप काढली, की निवडलेल्या नोंदीच्या वेळच्या फाइली तेवढ्या मिळतात. मागचा इतिहास भांडारातच राहतो. चाचण्यांच्या फाइली वगळण्याची सूचना आधीच दिलेली असेल, तर त्याही झिपमध्ये येत नाहीत आणि घेणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

इतिहास नसला की काय होते, हे कोविडकाळात दिसले. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमधील नील फर्ग्युसन यांच्या गटाने १६ मार्च २०२० रोजी अहवाल दिला: काहीच उपाय केले नाहीत, तर ब्रिटनमध्ये ५ लाख १० हजार आणि अमेरिकेत २२ लाख मृत्यू होऊ शकतील. त्यामागचा कोड तेरा वर्षांहून जुना, हजारो ओळींचा आणि टिपणांविना होता, हे फर्ग्युसन यांनीच जाहीरपणे सांगितले. एप्रिलअखेर तो गिटहबवर आला, पण साफसूफ होऊन. मार्चमध्ये चालवलेले मूळ रूप आणि त्याचा मागचा इतिहास त्यात नव्हता. टीकेची झोड उठली. पुढे केंब्रिजचे स्टीफन एग्लेन यांनी कोड स्वतंत्रपणे चालवून पाहिला आणि अहवालातील मुख्य निष्कर्ष पुन्हा मिळाले. म्हणजे आकडे टिकले. तरीही ‘साफ करताना काय बदलले?’ या प्रश्नाला भांडार दाखवून उत्तर देता आले नाही. लोकांना घरी बसवणाऱ्या निर्णयामागे जो कोड उभा होता, त्याबाबत ही उणीव किरकोळ म्हणता येणार नाही.

‘झिपचा चेकसम जपून ठेवला की झाले’ असे काही जण म्हणतात. ३० जानेवारी २०२३ रोजी गिटहबवर आपोआप तयार होणारे संग्रह दाबण्याची पद्धत बदलली. आतल्या फाइली अक्षरन् अक्षर त्याच, पण बाहेरचा चेकसम वेगळा! तो जुळवून पाहणारे अनेक प्रोग्राम अडून बसले आणि गिटहबला त्याच दिवशी बदल मागे घ्यावा लागला. गोळी तीच, वेष्टनाचे सील निराळे, असा तो प्रकार. कमिट आयडी मात्र फाइलींचा मजकूर आणि आधीच्या नोंदी यांतून निघतो. वेष्टनाशी त्याचा संबंध नाही.

गिट स्वतः झिप बनवते, तेव्हा हा आयडी झिपच्या टिप्पणीत लिहून ठेवते. पण ती उलगडून, फोल्डर पुन्हा झिप करून ईमेलने पाठवले, की तो गळून पडतो. नेमके हेच सर्रास होते. सर्न संस्थेत चालणारे ‘झेनोडो’ गिटहबवरच्या प्रकाशित आवृत्तीची झिप कायमच्या क्रमांकासह ठेवू शकते. चांगली सोय आहे, पण तेही कार्डच. ‘सॉफ्टवेअर हेरिटेज’ हा प्रकल्प बदलांचा इतिहासही जतन करतो, तो केसपेपराच्या जवळचा.

रुग्णांची माहिती असलेले भांडार सर्वांना खुले करता येत नाही, ही सबब खरी आहे. पण ती माहिती कोडच्या भांडारात मुळात जायलाच नको. एकदा गेली, की फाइल पुसली तरी इतिहासात उरते. रुग्णांची माहिती वेगळी ठेवावी आणि कोडचा इतिहास खुला करावा. ते जमत नसेल, तर निदान निबंधाच्या ‘पद्धती’ या भागात कमिट आयडीची एक ओळ असावी. औषधाचा बॅच नंबर लिहिण्याइतकेच ते काम आहे.