जीवदया आधी डोळ्यांत हवी

मैत्रिणींनो, अमेरिकेत मुलांकडे गेलात की रात्री परसात मांजराएवढा, पांढऱ्या तोंडाचा ओपॉसम दिसतो. फार घाबरला की तो मेल्यासारखा पडतो, लाळ गळते, दुर्गंधी येते. हा आजार नव्हे. दूर राहा, तो आपणच उठून जातो. लाळ पाहून पिसाळला म्हणू नका; ओपॉसमला रेबीज क्वचितच होतो. थंडीत भुकेपोटी तो दिवसाही निघतो. मात्र तोल जाणे, गोल गोल फिरणे, उघडी जखम, अंगावर माश्या, ही खरी लक्षणे. तेव्हा हात लावू नका, दूध पाजू नका. वन्यप्राण्यांच्या उपचार केंद्राला कळवा. मादी गाडीखाली मेलेली दिसली तरी कळवा; पोटाच्या पिशवीत पिल्ले जिवंत असू शकतात. माझ्या मते, नीट न पाहता केलेली दया त्या जीवालाच महागात पडते.