पांझरेच्या काठावरचा पहिला धडा

नेमणुकीचे पत्र येते, घरात पेढे वाटले जातात, पहिला पगार देवापुढे ठेवला जातो. मात्र वर्ष-दीड वर्ष उलटते न उलटते तोच त्याच घरात निराळा सूर ऐकू येऊ लागतो. ‘कामात मन रमत नाही’, ‘शिकलो त्याचा इथे उपयोग नाही’, ‘साहेबांना कदर नाही’. मध्यमवर्गीय घरांतून हा सूर आता इतका परिचयाचा झाला आहे, की त्याचा गांभीर्याने विचार करणे अगत्याचे आहे.

तरुणांना आळशी ठरवून मोकळे होणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. विद्यार्थिदशेत दर सहा महिन्यांनी परीक्षा असते, गुण असतात, निकाल असतो. नोकरीत पाऊल टाकताच ही मोजपट्टी हातातून निसटते. आपण तयार केलेला तक्ता वा टिपण पुढे कोणाच्या उपयोगी पडले, हे कळतही नाही. श्रमाचे फळ दिसेनासे झाले, की श्रमातील गोडी आटते. रोगाचे मूळ येथे आहे.

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या म्हटले, की कृष्णराजसागर धरण, म्हैसूरचे दिवाणपद आणि १९५५ साली लाभलेले भारतरत्न आठवते. त्यांच्या कर्तृत्वाची सुरुवात मात्र महाराष्ट्राच्या मातीत झाली. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १८८३ साली उत्तम यश मिळवून बाहेर पडलेला हा तरुण १८८४ मध्ये मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून रुजू झाला. नाशिक आणि खान्देश हे त्याचे पहिले कार्यक्षेत्र. दातर्ती येथे पांझरा नदी ओलांडून पाणी नेण्यासाठी नळांचा सायफन बांधण्याचे काम त्याच्याकडे आले. पावसाने अडथळे आणले, तेव्हा काम काही काळ थांबवावे, असे त्याने वरिष्ठांना सुचविले. उत्तरादाखल आली ती नाराजी. गुणवत्तेचा अभिमान बाळगणाऱ्या तरुणाला खचविण्यास एवढेही पुरेसे असते. या तरुणाने मात्र पुन्हा कामाला हात घातला आणि ते तडीस नेले.

हा निमूट आज्ञापालनाचा धडा नव्हे. आपले व्यावसायिक मत त्याने स्पष्टपणे मांडले. निर्णय विरुद्ध गेला, तेव्हा त्या रागाचा सूड कामावर उगवला नाही. वरिष्ठांची मर्जी आणि कामाची प्रत या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता येणे, हीच खरी व्यावसायिक प्रौढता होय. पुढे १९०३ साली खडकवासल्याच्या धरणावर त्यांची स्वयंचलित दारे बसली. अशी कल्पकता आकाशातून पडत नाही. नदीकाठी घालविलेल्या अनेक पावसाळ्यांचे ते संचित असते.

नोकरी कधी सोडूच नये, असा याचा अर्थ नाही. विश्वेश्वरय्यांनीही १९०८ मध्ये स्वेच्छानिवृत्ती घेतली. पण तेव्हा दोन तपांचे काम मागे उभे होते. जेथे अप्रामाणिकपणा करावा लागतो किंवा माणसाला पिळून घेतले जाते, तेथून निघणेच श्रेयस्कर. केवळ कंटाळा आला म्हणून निघालेला मात्र कंटाळा सोबत घेऊनच नव्या कचेरीत शिरतो.

यावर उपाय साधे आहेत. आपले काम पुढे कोणाच्या टेबलावर जाते आणि शेवटी कोणाच्या गरजेला पोहोचते, हे नव्या माणसाने पहिल्याच महिन्यात विचारून घ्यावे. रोज निघताना आज काय नवे कळले, याची एक ओळ वहीत लिहावी. हरवलेली मोजपट्टी त्या वहीत परत सापडते. वरिष्ठांनीही चूक दाखविताना कामाचे प्रयोजन सांगण्याची दोन मिनिटे काढावीत.

आणि घरच्यांचे काय? संध्याकाळी दमून आलेल्या मुलाला वा मुलीला ‘पगारवाढ कधी?’ आणि ‘शेजारच्याला किती मिळतात?’ हेच प्रश्न ऐकू आले, तर कामाची किंमत तेवढीच, हे त्यांच्या मनावर आपणच ठसवीत असतो. ‘आज काय जमले?’ असे विचारून पाहावे. उत्साह नेमणुकीच्या पत्रासोबत पाकिटातून येत नाही. हाती घेतलेले एक लहानसे काम नीट पुरे झाले, की त्या पूर्ततेतूनच पुढच्या कामाचे बळ जन्माला येते.