परगावच्या सामन्याची जागा कोणाला?

(एस. वाय. बी. ए.)

गेल्या वर्षीची गोष्ट. आमच्या कॉलेजचा फुटबॉल संघ साताऱ्याला खेळायला निघाला होता. प्रासंगिक कराराची एक एस.टी. ठरली. जागा 44. खेळाडू, बदली खेळाडू, दोन सर आणि जिमखान्याचे शिपाईमामा मिळून 22 जण. उरलेल्या 22 जागा आम्हा पाठीराख्यांसाठी. मी सकाळी साडेसातपासून जिमखान्याच्या दारात उभा होतो. दहाला दार उघडले. माझा नंबर पहिला. सरांनी वहीतून मान वर न करता विचारले, "गेल्या वर्षी आला होतास का रे?"

मी म्हणालो, "सर, गेल्या वर्षी मी बारावीला होतो, गावाकडे."

"मग थांब जरा. जुन्यांची नावे होऊ देत."

जुन्यांची नावे झाली तेव्हा 22 जागा भरल्या होत्या. माझ्यामागे उभे असलेले प्रथम वर्षाचे सगळेच परतले. जाता जाता एकाने विचारले, "गेल्या वर्षी आपण कॉलेजातच नव्हतो, तर यायचं कसं?" त्याला कोणी उत्तर दिले नाही, कारण उत्तर नव्हतेच.

सरांवर माझा राग नाही. नियम वरवर पाहता वाईटही नाही. आदल्या वर्षी संघ सपाटून हरला, तेव्हा पावसात भिजत शेवटच्या मिनिटापर्यंत ओरडत राहिलेली ती मुले होती. त्यांना बाजूला सारून काल आलेल्या पोराला खिडकीची जागा द्यायची, हा कुठला न्याय? हे मला त्या दिवशीही समजत होते. तरीही वसतिगृहावर परतताना वाटले, की जिमखान्याची फी आपण सगळ्यांनी सारखीच भरली आहे, एस.टी.चे भाडे त्याच फीमधून जाते. मग एकाला दरवर्षी जागा आणि दुसऱ्याला दरवर्षी "थांब", असे का?

एक गंमत सांगतो. कोल्हापूरला फुटबॉलचे एवढे वेड, पाटाकडील, शिवाजी, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस अशी नावे घेतली की पेठापेठांत माणसे उठून बसतात. 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव इथलाच. पण या संघांना आपसांत परगावचा सामना ठाऊक नाही. सारेजण एकाच राजर्षी शाहू स्टेडियमवर खेळतात. पाठीराखा घरून चालत येतो आणि भांडून चालत घरी जातो. त्यामुळे परगावी जाणाऱ्या मोजक्या जागा वाटायच्या कशा, हा प्रश्न इथल्या पेठांपुढे कधी फारसा आलाच नाही. तो आला आमच्यासारख्या कॉलेजच्या जिमखान्यापुढे, आणि फार मोठ्या प्रमाणावर तो आहे तिकडे इंग्लंडात.

वसतिगृहात आम्ही रात्री जागून इंग्लंडच्या प्रीमियर लीगचे सामने मोबाईलवर पाहतो. (रेक्टर सरांनी हे वाक्य वाचू नये.) त्यात मला नेहमी आश्चर्य वाटायचे ते मैदानाच्या एका कोपऱ्याचे. साठ-सत्तर हजार माणसे यजमानांची, आणि एका कोपऱ्यात दाटीवाटीने उभे असलेले पाहुण्यांचे दोन-तीन हजार. पण आवाज त्या कोपऱ्याचाच जास्त. हे लोक कोण, यांनाच तिकीट कसे मिळाले, म्हणून मी मिळेल ते वाचू लागलो आणि आमच्या जिमखान्याचीच वही मला तिथे उघडलेली दिसली.

तिथला नियम असा. यजमान क्लबाने पाहुण्या क्लबाच्या चाहत्यांसाठी 3,000 तिकिटे द्यायची. मैदान लहान असेल तर एकूण जागांच्या दहा टक्के. 2015 साली बोर्नमथ हा क्लब पहिल्यांदा त्या लीगमध्ये चढला तेव्हा त्याचे मैदान साडेअकरा हजारांच्या आतले. म्हणजे पाहुण्यांच्या वाट्याला हजार-अकराशे तिकिटे, आणि पाहुणा क्लब जर मँचेस्टर किंवा लिव्हरपूलचा असेल तर मागणारे हजारो. कोणाला द्यायची?

अर्थशास्त्राची मंडळी म्हणतील, ज्याला जास्त पैसे द्यावेसे वाटतात त्याला द्या. त्यावरून त्याची ओढ कळते. मला हे पटत नाही. पैशावरून खिसा कळतो, ओढ कळत नाही. 2016 च्या फेब्रुवारीत लिव्हरपूलने घरच्या मैदानावरचे सर्वांत महाग तिकीट 77 पौंडांचे करायचे ठरवले, तेव्हा संडरलंडविरुद्धच्या सामन्यात 77 व्या मिनिटाला हजारो लोक उठून बाहेर गेले, आणि क्लबाला माफी मागून तो बेत सोडावा लागला. परगावच्या प्रेक्षकांसाठी तर लीगनेच 2016-17 च्या मोसमापासून तिकिटाला 30 पौंडांची कमाल मर्यादा घातली. म्हणजे लिलाव नको हे तिकडे एका परीने ठरले. प्रवासखर्च मात्र कोणी ठरवून देत नाही. 2019 साली युरोपा लीगचा अंतिम सामना अझरबैजानमधल्या बाकूला झाला. आर्सेनल आणि चेल्सी दोन्ही लंडनचे. प्रत्येकी सुमारे 6,000 तिकिटे मिळाली, ती कमी म्हणून आधी ओरड झाली. आणि शेवटी एवढ्या लांबचा प्रवास झेपेना म्हणून तीही सगळी खपली नाहीत. तिकीट मिळण्याच्या आधीच कितीतरी माणसे गळून पडतात, हे यादी करणाऱ्याला दिसत नाही.

दुसरी रीत, जो आधी येईल त्याला. ती आपल्याकडे सर्वांना न्याय्य वाटते, कारण रांग डोळ्यांना दिसते. मी साडेसातला दारात उभा राहिलो, कारण वसतिगृह कॉलेजच्या मागेच आहे. माझ्या वर्गातली राधानगरीकडची मुले नऊच्या एस.टी.ने उतरतात. त्यांनी साडेसातला कसे यायचे? रांगेत ओढ मोजली जाते असे आपण म्हणतो, प्रत्यक्षात अंतर आणि मोकळा वेळ मोजला जातो. मोबाईलवरच्या रांगेत नेट कोणाचे जोरात आहे ते मोजले जाते, इतकाच फरक.

राहिल्या दोन रीती, आणि खरे भांडण त्यांच्यातच आहे: गुण आणि सोडत.

टॉटनहॅमसारखे क्लब गुण मोजतात. तुम्ही किती सामन्यांना गेलात त्याचे गुण साठतात. ज्याचे गुण जास्त त्याला तिकीट आधी. मँचेस्टर युनायटेडने परगावच्या तिकिटांसाठी वर्षानुवर्षे सोडतीचा वापर केला आहे.

गुणांच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे मी हसण्यावारी नेत नाही. डिसेंबरच्या थंडीत, आठवड्याच्या मधल्या दिवशी, हरणाऱ्या संघाबरोबर तीनशे किलोमीटर जाणारा माणूस वीस वर्षे जात असेल, तर अंतिम सामन्याच्या दिवशी त्याला "तुमची चिठ्ठी निघाली नाही" असे सांगणे क्रूर आहे. पण या गुणांना एक गाठ आहे. गुण मिळवायचे तर जायला हवे, आणि जायचे तर गुण हवेत. आपल्याकडे अनुभव असल्याशिवाय नोकरी नाही आणि नोकरीशिवाय अनुभव नाही म्हणतात, तसलीच ही गाठ. शिवाय गुणांसाठी लोक खोटेही वागतात. तिकीट घ्यायचे, ते मित्राला द्यायचे, आपण घरी बसायचे आणि गुण मात्र आपल्या नावावर. म्हणून काही क्लबांनी तिकीट परगावच्या मैदानावरच ओळखपत्र दाखवून घेण्याची अट घातली. तिकिटांचा काळाबाजार तर इंग्लंडात 1994 च्या कायद्याने गुन्हाच आहे. फुटबॉलचे तिकीट परवानगीवाचून विकता येत नाही.

माझा रूम पार्टनर बी. एस्सी.ला आहे. त्याच्याकडून मी हिशेब करून घेतला. आकडे आमच्या मनाचे, पण गणित खरे. समजा, जागा 3,000 आणि मागणारे 12,000. मोसमात परगावचे सामने 19. निव्वळ गुणांवर वाटले तर मोसमात 57,000 तिकिटे जातील, पण माणसे तीच 3,000. उरलेल्या 9,000 जणांनी जन्मभर टीव्ही पाहावा. निव्वळ सोडत काढली तर दर वेळी चौघांत एकाचे नाव निघेल. हे ऐकून मी उड्या मारल्या. तेव्हा त्याने पुढचे गणित दाखवले: पहिल्या दहा सामन्यांत एकदाही नाव न निघालेले असे पावणेसातशे लोक राहतील, आणि सगळे 19 सामने हुकलेले सुमारे 50. त्या पन्नासांत वीस वर्षे जाणारा तो माणूसही असू शकतो. सोडतीला डोळे नसतात म्हणून आपण तिला न्यायी म्हणतो. पण डोळे नसल्यामुळे गेल्या वेळी कोण राहिला तेही तिला दिसत नाही.

म्हणून माझे मत असे झाले आहे. निम्म्या जागा गुणांवर द्याव्यात आणि निम्म्या सोडतीवर. वरच्याच आकड्यांत बसवून पाहा. 1,500 जुने निश्चित गेले. उरलेल्या 10,500 जणांत 1,500 चिठ्ठ्या, म्हणजे सातांत एक. नव्या माणसाला मोसमात अडीच-तीन सामने पाहायला मिळतील. फार नाहीत, पण शून्य आणि तीन यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. सोडतीत ज्याचे नाव निघाले नाही त्याच्या नावाची पुढच्या वेळी एक चिठ्ठी जास्त टाकावी. म्हणजे वाट पाहणाऱ्याची वाट फुकट जाणार नाही. आणि गुण तीन वर्षांनी जुने होऊन गळावेत. हे शेवटचे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते आणि तेच कोणाला आवडत नाही.

का महत्त्वाचे वाटते, ते सांगतो. साठत जाणारी गोष्ट कधीतरी वारशाने जाऊ लागते. तिकडे काही क्लबांत सीझन तिकीट घरातल्या घरात दुसऱ्याच्या नावावर करता येते. त्यात वाईट काय, बापाने मुलाला मैदानावर न्यावे यासारखे चांगले काही नाही. पण ज्याच्या बापाला कधी तिकीट मिळालेच नाही त्याचे काय? माझ्या घरात कॉलेजात येणारा मी पहिला. प्रवेशाच्या वेळी कोणत्या अर्जाला कोणता दाखला जोडायचा, कोणत्या खिडकीवर जायचे, सवलतीची तारीख कधी संपते, हे माझ्या शेजारच्या मुलाला त्याच्या बहिणीने आधीच सांगून ठेवले होते. मी तीन वेळा गावी जाऊन आलो. त्यात त्या मुलाचा दोष नाही, खिडकीवरच्या बाईंचाही नाही. नियम दोघांना सारखाच होता. फक्त त्याच्या घरी गुण साठलेले होते.

लांब कशाला, माझेच पाहा. साताऱ्याला मी गेलो नाही, पण पंधरा दिवसांनी सांगलीच्या सामन्याला जुन्यांपैकी एकाला ताप आला आणि शिपाईमामांनी मला वसतिगृहातून हाक मारली. गेलो. घसा बसेपर्यंत ओरडलो. परतताना एस.टी.त सगळ्यांत मागे, टपावर पाऊस वाजतोय आणि आम्ही गातोय, ते मी विसरणार नाही. आणि त्या दिवशी वहीत माझे नाव लागले. यंदा जिमखान्याच्या दारात मी साडेसातला नाही, निवांत अकराला गेलो. सरांनी न विचारता नाव लिहून घेतले. बाहेर प्रथम वर्षाची दहा-बारा मुले उभी होती. त्यांतल्या एकाने मला विचारले, "दादा, तुम्हाला आत कसं घेतलं?" मी काहीतरी सांगून सटकलो. एका तापाने मला जुना केले होते, आणि मला ते आवडले होते, हेही खरे.

त्याच संध्याकाळी जिमखान्याला अर्ज लिहिला. 22 पैकी 11 जागा जुन्या यादीने, 11 चिठ्ठ्या टाकून. ज्याची चिठ्ठी निघाली नाही त्याच्या पुढच्या वेळी दोन. यादी आदल्या दिवशी सूचना फलकावर लागावी, आणि ज्याला जमणार नाही त्याने जागा मित्राला न देता सरांना कळवावी. जुन्यांत 22 नावे आहेत आणि 11 जागा म्हटल्यावर त्यांतल्या निम्म्यांना चिठ्ठीत यावे लागेल. माझी वारी एकच असल्याने पहिल्यांदा मीच येईन. मित्रांनी मला वेड्यात काढले. "मिळालेली जागा कोण घालवतं लेका?" असे दोघांनी विचारले, आणि एकाने दोन दिवस बोलणे टाकले.

सरांनी अर्ज नीट वाचला. मग चष्मा काढून म्हणाले, "आणि ढोल वाजवणाऱ्याचीच चिठ्ठी निघाली नाही तर? तिथं जाऊन टाळ्या वाजवायच्या?" हा प्रश्न मला सुचला नव्हता. मी म्हणालो, "सर, ढोलाला दोन जागा वेगळ्या काढा. दहा यादीच्या, दहा चिठ्ठीच्या." सरांनी अर्जावर तांबड्या पेनाने तेवढी दुरुस्ती केली आणि तो पुढच्या बैठकीच्या कागदांत लावला.