विश्लेषण : फुटबॉल क्लब हरतो तेव्हा दोष प्रशिक्षकाचाच?

संघ सलग दोन-तीन सामने हरला, की चाहत्यांची मागणी ठरलेली असते : प्रशिक्षक बदला! मालवण, वेंगुर्ल्यातील फुटबॉलप्रेमीही त्याला अपवाद नाहीत. पण प्रशिक्षक बदलला म्हणून क्लब सावरतो का? मुंबई आणि गोव्याचा अनुभव वेगळे सांगतो.

मुंबई एफसीचे काय झाले?

हा क्लब २००७ मध्ये स्थापन झाला. खालिद जमील २००९ ते २०१६ त्याचे प्रशिक्षक होते. आय-लीगचे विजेतेपद कधी मिळाले नाही, पण त्या लीगमधील स्थान टिकले. जमील गेल्यानंतरच्या २०१६-१७ हंगामात मध्येच पुन्हा प्रशिक्षक बदलूनही संघ तळाला राहिला, लीगबाहेर गेला आणि पुढे क्लबच बंद पडला. त्याच हंगामात जमील यांनी मिझोरामच्या आयझॉल एफसीला आय-लीग जिंकून दिली. २०२५ मध्ये ते भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले.

मैदानाचा संबंध काय?

मुंबई एफसीचे घरचे मैदान कूपरेज, क्षमता जेमतेम पाच हजार. त्याचे नूतनीकरण सुरू असताना घरचे सामने पुण्याच्या बालेवाडीत खेळावे लागले. घरचे मैदान असे दुसऱ्या शहरात गेले की नेहमीचा प्रेक्षक तुटतो. प्रेक्षक नाही, तर तिकिटांचे पैसे नाहीत आणि प्रायोजकही फिरकत नाहीत. मग सारा भार मालकावर येतो.

गोव्यात काय घडले?

साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी २०१६ मध्ये आय-लीग सोडली. कारण प्रशिक्षक नव्हता; राष्ट्रीय महासंघाच्या लीग फेररचनेला त्यांचा विरोध होता. एफसी गोवाने जानेवारी २०२० मध्ये, संघ गुणतक्त्यात अव्वल असताना सर्जिओ लोबेरा यांना हटवले. पुढच्याच हंगामात लोबेरा यांच्या मुंबई सिटीने आयएसएल जिंकली. तो अंतिम सामना झाला फातोर्ड्यातच, करोनामुळे रिकाम्या स्टेडियममध्ये.

चाहत्यांनी काय विचारावे?

सिंधुदुर्गाला अव्वल फुटबॉलचे सर्वांत जवळचे मैदान फातोर्डा. पण रात्री साडेसातचा सामना संपल्यावर मालवणला परतायचे कसे? असा प्रेक्षक मैदानात यावा म्हणून क्लब काय करतो, मैदान किती वर्षांसाठी हाती आहे, तोटा कोण आणि किती काळ सोसणार, हे प्रश्न आधी विचारायला हवेत. प्रशिक्षकाची चूक असू शकते, त्याचा हिशेबही व्हावा. मात्र वाईट प्रशिक्षकामुळे क्लबचा एखादा हंगाम वाया जातो. मैदान आणि प्रेक्षक गमावले, तर क्लबच उरत नाही.